कुंपणाबाहेरची शेळी

मुलांनो, असं समजा, पातूरच्या बसथांब्यावर अलीझा तिच्या लाडक्या शेळीला बिलगून बसली आहे. शेजारी तिची आजी रहिमाबी आणि गावचा जानराव बोलताहेत.

“शेळी कुठं नेऊन राहिली, रहिमाबी?”

“बहिणीकडं ठेवतो, भाऊ. चराईवर तुमी कार्बनची झाडं लावली, कुंपण घातलं. आता हे शेळी काय खाईन?”

“अवं, ते झाडं परदेशातल्या कारखान्याचा धूर खातेत.”

“त्यायचं पोट भरलं. शेळीचं?”

“झाडं लावनाऱ्या कंपनीच्या साहेबानं विचारलं ना, कोनाले तरास हाय काय म्हणून.”

“कोनाले विचारलं?”

“कुंपणाच्या आत होते तेवढ्याले.”

“आत कोन होतं?”

“मीच. राखणदार हावो ना. मले कायचा तरास?”

“अन् साहेब कुठं हाय आता?”

“तो काय, समोर चहा पिऊन राहिला.”

अलीझाने आजीच्या हातातली दोरी घेतली आणि शेळीला साहेबासमोर नेऊन उभं केलं.