वेगळी ठेवलेली आवाजाची फाइल

आदरणीय अध्यक्षमहाशय, व्यासपीठावरील मान्यवर, ज्यांच्यासाठी आज आपण जमलो त्या आमच्या बाई, त्यांचे यजमान, आणि जागा नसल्यामुळे दाराशी उभ्या राहिलेल्या माझ्या मित्रांनो,

बाईंबद्दल चार शब्द बोला म्हटलं, आणि मला जिन्यावरची आमची पहिली खोली आठवली. खाली छापखाना. यंत्र सुरू झालं की टेबलावरचे कीबोर्ड थरथरायचे. तिथे आम्ही दृष्टिहीनांना पुस्तक वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर लिहीत होतो. त्यातला बोलणारा भाग मात्र आमचा नव्हता. कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांनी मिळून लिहिलेली ती लायब्ररी, म्हणजे कुणालाही आपल्या प्रोग्रॅमला जोडता येईल असा तयार कोड. फुकट, आणि सगळ्यांना खुली. परवान्याची अट एवढीच, की तुमचा प्रोग्रॅम झाकून ठेवा, खुशाल विका. पण ही लायब्ररी वेगळी राहू द्या, ग्राहकाला ती बदलता आली पाहिजे, आणि तिच्यात तुम्ही केलेले बदलही खुले ठेवा.

कंपनीचे मालक, आमचे साहेब, त्यांना हे रुचेना. (समोरच बसलेत, हसताहेत.) आपली मेहनत लोकांना का वाटायची? सगळं एकाच फाइलमध्ये घट्ट बांधा, कोण बघायला येतंय, असं त्यांचं म्हणणं.

प्रोग्रॅम बांधायचं काम बाईंकडे. त्या शांतपणे म्हणाल्या, "साहेब, आपल्या कपाटाला हवं तेवढं मोठं कुलूप लावा. त्यांच्या कपाटाला मी लावणार नाही."

तेव्हा बाईंच्या घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, यजमानांची नोकरी नुकतीच सुटलेली. असं बोलायला काय लागतं, हे आज कळतं. शेवटी बाईंचंच झालं, पण लायब्ररी वेगळी काढण्यात बाजारात यायला उशीर झाला. साहेब पुढे कितीतरी दिवस बाईंशी कामापुरतंच बोलत.

मग एकदा एक निवृत्त संगीतशिक्षक सुनेचा हात धरून तो जिना चढून आले. दृष्टी गेलेली, ऐकूही कमी यायचं. आमचा उंच पट्टीतला बारीक आवाज त्यांना समजेचना. सॉफ्टवेअर परत घ्या म्हणाले. सून प्रोग्रॅमर होती. तिने बाईंशेजारी बसून लायब्ररीतला आवाज खालच्या पट्टीत आणला आणि आमच्या फाइलच्या जागी आपली ठेवली. मास्तर ऐकत राहिले. पान संपलं तरी उठेनात.

"सूनबाई," ते म्हणाले, "तुला सवड होईल तेव्हाच माझं पुस्तक पुढे सरकायचं. आता पुढचं पान मी लावतो."

साहेब दारात उभे होते. दुपारी ते स्वतः चहा घेऊन बाईंच्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "पुन्हा कधी मी असा अडून बसलो, तर माझं ऐकू नका."

ही आज्ञा बाईंनी निवृत्तीपर्यंत तंतोतंत पाळली.

बोलायची संधी दिलीत, आभारी आहे. भरात काही कमीजास्त बोललो असेन, तर मोठ्या मनाने पोटात घाला.