सुपारीची काशी

चंद्राबाई: तुमी चाला पुढं. मी येते मागनं.

हैबती: अगो, येते मागनं म्हंजे कुठवर? शीव गेली, म्हसोबा गेला. मुंबयला जानाऱ्या नवऱ्याला बायकोनं म्हसोबापर्यंत पोचवायचं नि माघारी फिरायचं. कुडपनात बापजाद्यांपासनं हेच चाललंय.

चंद्राबाई: पोचवायला कोन आलंय? मी पन चाललेय.

हैबती: कुठं?

चंद्राबाई: तुमी जाल तिकडं.

हैबती: डोकं फिरलं काय तुझं? मुंबयला गावची चौदा मानसं एका खोलीत पाळीपाळीनं झोपतो आमी. तिथं तुला ठेवू कुठं, खुंटीला?

चंद्राबाई: मुंबयचं नाव तरी काढलं काय मी? मी काशी करून आलेली बाई. मला मुंबयचं काय कवतिक!

हैबती: हां. म्हंजे परवाच्या मावंद्याचा राग अजून गेला नाय.

चंद्राबाई: जाईल कसा? काशीवरनं आलात, गंगेचा गडू पुजलात, अख्ख्या गावाला जेवन घातलंत. चांगलं केलंत. पन बाया माझ्या पाया का पडल्या? बनुबाई माझ्या आईच्या वयाची, तिनं माझ्या पायावर डोकं ठेवलं. का, तर म्हने चंद्रा काशी करून आली! आनि मी नुकती गोठ्यातनं येत होते, हाताला शेन.

हैबती: मग बरोबरच केलं तिनं. काशीच्या घाटावर भटजीनं माझ्या मुंबयच्या शेठच्या मागं मला पन बसवला ना पूजेला! म्हनला, बायको कुठाय? म्हनलं, घरी. लगेच माझ्या कनवटीला सुपारी खोचली. म्हनला, ही तुझी बायको. शास्त्र हाय ते, चंद्रे. बायको लांब असली की सुपारीवर भागतं. अर्धं पुन्य बायकोच्या नावावर, एकदम पक्कं. नाशकाला तसंच, डाकोरला तसंच, रामेसराला पन तसंच. शेठ यात्रेवाला मिळाला म्हनून तू घरबसल्या एवढी तीर्थं केलीस. सगळ्या कुडपनात दुसऱ्या कुना बाईचं एवढं नशीब नाय.

चंद्राबाई: सुपारीचं नशीब म्हना. आगगाडीत बसली सुपारी, रामेसराचा पूल बघितला सुपारीनं. मी बघितली नाचनी नि म्हैस. बरं, त्या काशीच्या सुपारीचं पुढं काय केलंत?

हैबती: करायचं काय? पूजा झाली, गंगेत सोडली.

चंद्राबाई: म्हंजे बुडवलीत मला.

हैबती: अगो, शास्त्रच हाय तसं—

चंद्राबाई: बुडवलीत, आनि वर काठावर बसून पेढे खाल्लेत!

हैबती: आता काय बोलायचं हिच्याशी!

चंद्राबाई: बोलू नका, ऐका. मुरारीची नवी सून, ती आवडी, पंगतीत माझ्या कानाशी आली. म्हनते, काकी, गंगेचं पानी कसं असतं गो, नितळ का गढूळ? साधं विचारलं पोरीनं. बाकीच्या बाया हातातला घास तसाच ठेवून माझ्या तोंडाकडं बघायला लागल्या. मी म्हनलं, नितळ. देवाच्या जेवनात बसून खोटं बोलले. तो घास मला गिळवंना.

हैबती: एवढंच ना? मग खोटं कुठं झालं? गंगा म्हंजे एकदम नितळ. आता तशी गढूळ हाय जरा, पन—

चंद्राबाई: बघा! बघा! आनि मी परत गेले की ती पोरगी उद्या समुद्र कसा असतो म्हनून विचारील. मी काय सांगू? नाय, मी फिरनार नाय. एक तरी जागा माझ्या डोळ्यांनी बघेन, मंगच कुडपनाचं तोंड बघेन. चाला आता, ऊन व्हायच्या आत पोलादपूर गाठायचंय.

* * *

हैबती: हे आलं पोलादपूर. लई झालं. तो बघ गोमाजी, मीठ-मिरची घेऊन वर निघालाय. बरा भेटला. त्याच्यासंगती जा घरी.

चंद्राबाई: गोमाजीच्या कनवटीला सुपारी द्या एक. म्हनावं ही चंद्रा, कुडपनाला नीट पोचती कर.

हैबती: हळू बोल! मोटारीतली मानसं बघतायत.

चंद्राबाई: बघू दे. मी पन त्यांनाच बघतेय.

हैबती: आनि घरी आये एकटी. म्हातारीला कोन बघनार? म्हैस कोन पिळनार? याचा इचार केलास?

चंद्राबाई: केला. बनुबाई म्हैस पिळनार. आनि ह्या भाकऱ्या बघा, ह्या आयेनं बांधून दिल्यात.

हैबती: आयेनं? आयेला ठाव हाय?

चंद्राबाई: पहाटे चुलीशी बसून तिनंच थापल्यात. म्हनली, तो म्हसोबापाशी रागवंल, पोलादपुरात गयावया करील. तू फिरू नको. मी फिरले होते.

हैबती: आये कधी फिरली?

चंद्राबाई: तुमच्या बापूंनी पालीच्या गनपतीला नेतो म्हनून घरातनं काढलं तिला, आनि म्हसोबापाशी म्हनाले, परत जा, गडीमानसं चाललोत. ती नवी साडी नेसली होती. परत आली आनि तीच साडी खोचून शेन सारवायला बसली. तिनं कुनाला सांगितलं नाय एवढी वर्सं. काल मला सांगितलं.

हैबती: आन त्या भाकऱ्या इकडं, मी धरतो. चढ मोटारीत. पन एक ध्यानात ठेव, महाडला उतरलो की तिथनं माघारी. महाड बघितलंस म्हंजे खूप झालं.

* * *

हैबती: हे महाड. ही बाजारपेठ, हे कापडवाल्याचं दुकान, ह्याला म्हनतात सायकल. आनि हे इकडं चवदार तळं.

चंद्राबाई: तेच काय हे? शिमग्याच्या सुमाराला ती हजारो मानसं आली होती, ते?

हैबती: तेच. तीन-चार वर्सं झाली. तळं सरकारनं सगळ्यांसाठी खुलं केलेलं, पन त्यांना कुनी शिवू देत नव्हतं. मग सगळे चालत आले, पायऱ्या उतरले, ओंजळीनं पानी प्याले. मागनं लई मारलं त्यांना. कोर्टात दावे चाललेत अजून.

चंद्राबाई: त्यात बाया होत्या?

हैबती: असतील की.

चंद्राबाई: चालत आल्या, उतरल्या नि प्याल्या. कुनी म्हनलं नाय त्यांना, की तुमच्या नावानं आमी पितो, तुमी घरी बसा?

हैबती: त्याची नि आपली गोष्ट कुठं लावतेस गो? तिथं डोकी फुटली.

चंद्राबाई: तेच म्हनते मी. डोकी फुटली तरी मानसं स्वतःच्या पायांनी आली. मला कोन मारतंय? मला फक्त फीर म्हनतायत. चाला, दासगावच्या लाँचीचा टाईम काय?

हैबती: टाईम! टाईम शिकली बघा. अगो, माझं पन ऐक जरा. लाँच दासगावास्नं बानकोटाला जाते, तिथनं मला उद्या मुंबयची आगबोट. शनवारी शेठ द्वारकेला निघनार. मी नाय पोचलो तर तो दुसरा गडी घेईल. अकरा वर्सांची नोकरी हाय माझी. तुला बानकोटाला न्यायची, परत आनून सोडायची, म्हंजे माझी बोट गेली, द्वारका गेली, नोकरी गेली. समजतंय काय?

चंद्राबाई: समजतंय. तुमी नका चुकवू बोट. मला वाट सांगा. बानकोटाच्या पल्याड हरेश्वर हाय ना? लोकं त्याला दक्षिन काशी म्हनतात. मी इचारत इचारत जाईन. दर्शन घेईन, समुद्र बघेन आनि इचारत परत येईन.

हैबती: एकटी?

चंद्राबाई: एवढी वर्सं सगळीकडं एकटीच तर हाय मी. तुमी कुठं होतात?

* * *

हैबती: घट्ट धर. लाँच हालते खाडीत.

चंद्राबाई: हालू दे. मला काय होत नाय. काशीचं सांगा मला.

हैबती: किती वेळा सांगू? परवा सगळ्या गावाला सांगितलं ना.

चंद्राबाई: गावाला सांगितलंत ते ऐकलं. सोन्याचा कळस, हजार घंटा. देव कसा हाय ते सांगा. इश्वनाथाची पिंड केवढी?

हैबती: …असंल एवढी.

चंद्राबाई: असंल?

हैबती: आतमंदी लई रेटारेटी गो. आनि बाहेर शेठच्या सगळ्या कुटुंबाचे जोडे, वळकट्या, पितळी डबे. चोर किती तिथं! कुनीतरी बसायला नको? मी बसलो.

चंद्राबाई: मंग देव?

हैबती: शेठनी बघितला.

चंद्राबाई: आनि रामेसराला?

हैबती: तिथं पन जोडेच. पन आवाज ऐकू येत होता आतला. घंटा किती वाजल्या ते मोजून सांगतो.

चंद्राबाई: अरे माझ्या देवा! म्हंजे तुमी शेठची सुपारी, आनि मी तुमची!

हैबती: हसू नको. मानसं बघतायत.

चंद्राबाई: हसू नको तर काय करू? पाया पडलं अख्खं गाव. त्या बनुबाईला जाऊन कोन सांगनार, की बाय माझे, ह्या घरात काशी कुनीच बघितली नाय!

हैबती: बस झालं गो.

चंद्राबाई: झालं. नाय हसत. …अवो, तुमाला पन वाटलं असंल ना आत जावं?

हैबती: वाटायचं. पयल्यांदा लई वाटायचं. मंग सवय झाली. गडीमानसाला सवय होते. …अगो, उठू नको! बस खाली!

चंद्राबाई: तुडील! ते बघा तुडील! माझं माहेर! ती आमची चिंच, ती पान्याला उतरायची पाखाडी, आनि ते काय, आमच्या घराची मागची भिंत! अवो, अशी दिसते व्हय ती? माझं लहानपन त्या काठावर गेलं. मी नदी बघितली, पन नदीकडनं गाव कधी बघितलं नव्हतं. किती छोटं हाय ते. आनि किती चांगलं हाय!

हैबती: रडतेस काय?

चंद्राबाई: रडत नाय. पापनी मिटायची नाय म्हनून पानी येतंय. तुमी जरा सरका. तुमच्या मुंडाशानं दिसत नाय मला.

हैबती: घे, काढलं मुंडासं. बघ.

चंद्राबाई: बानकोटाला मला वाट दाखवाल ना?

हैबती: वाट कशाला दाखवू? बानकोटावरनं होडीनं पल्याड जायचं, तिथनं चालत. मी येतो संगती.

चंद्राबाई: आनि बोट?

हैबती: सकाळी लवकर उठू. जमलं तर गाठीन.

चंद्राबाई: आनि नाय जमलं तर?

हैबती: तर नाय. एका तरी देवळात मी जोडे बाहेर टाकून आत जाईन. चोरानं नेले तर नेले.

* * *

(हरिहरेश्वर. देवळामागचा समुद्राकडचा खडक. सकाळ.)

भटजी: या यजमान, बसा लवकर. ओहोटी आहे तोवर प्रदक्षिणाही उरकली पाहिजे. एकदा भरती लागली की खडकावरची वाट बंद होते. आत दर्शन घेतलंत?

हैबती: घेतलं. दोघांनी घेतलं. गाभाऱ्याच्या दारापर्यंत गेलो. पिंडी दिसली भटजीबुवा, माझ्या डोळ्यांनी दिसली.

भटजी: उत्तम. मग आता संकल्प करू. कुटुंब कुठे आहे?

हैबती: ती काय, खाली. पान्यात उभी.

भटजी: एवढ्या पुढे? हाक मारा तिला.

हैबती: मारली मगाशी. तिला ऐकू आलं नाय.

भटजी: पुन्हा मारा. अहो, तुम्ही मुंबईच्या बोटीचे ना? तो पाहा, बाणकोटाच्या बाजूला धूर दिसतोय. तासाभरात सुटेल ती. आत्ता निघालात, धावत गेलात, तरच होडी मिळेल.

हैबती: दिसतोय मला धूर.

भटजी: मग?

हैबती: शेठचं सामान दुसरा कुनीतरी उचलंल. नसंल तर माझ्या नशिबात कुडपनची नाचनी हाय. तिच्यावर वाढलोय मी.

भटजी: तुमची मर्जी. पण माझी वेळ जाते ना! असं करा, तुम्ही एकटेच बसा संकल्पाला. पत्नी जवळ नसली तरी शास्त्रात त्याला तोड आहे. थांबा, ताटात बघतो—

हैबती: नको, नको. ती तोड नको. ती जवळ हाय. ही काय, समोर हाय.

भटजी: अहो, पण नुसती उभी आहे! किती वेळ झाला? करतेय तरी काय?

हैबती: बघतेय.

भटजी: काय बघतेय? समुद्र तर आहे.

हैबती: व्हय. समुद्रच बघतेय. मी सांगायला लागलो, हे असं, ते तसं, तिकडं मुंबय. तर म्हनली, तुमी सांगू नका, मला दिसतंय.

भटजी: आणि ही भरती चढायला लागली, ते दिसतंय का तिला? प्रदक्षिणा राहील आज.

हैबती: उद्या परत ओहोटी येईल ना, भटजीबुवा?

भटजी: येईल की. रोजच येते.

हैबती: मग तुमी पन टेका जरा हितं. तिचं बघून होऊ द्या.