उफराट्या पखाचं कोंबडं

माझं माह्यार बेंबळीचं, दिलं सास्तूरच्या अंगाला, आन् सासरी आल्यावर पहिलं भ्या वाटलं ते सासूबाईच्या कोंबड्यांचं. काय सांगू तुम्हाला, पख सगळे उफराटे, मानंकडं वळलेले. उडता येत न्हाय, पावसात गारठती, पर उन्हाळ्यात दुसऱ्या कोंबड्या धापा टाकत्यात तवा ही खुशाल उकरती, आन् अंड्यावर बसली की बसली, हालायची न्हाय. सासूबाई म्हणायच्या, पोरी, हिला इकू नकू, लोकं उताऱ्याला मागत्यात. उतारा म्हंजी आजाऱ्यावरनं ववाळायचं, कुकू लावायचं आन् शिवंबाहीर जित्तं सोडायचं. ते कुणी उचलत न्हाय, उचललं की पिडा संगं येती.

भूकंपात गाव पडलं. ढिगाऱ्यातनं सासूबाई जित्त्या न्हाय निघाल्या, कोंबड्याबी न्हाय. नवं गाव लांब वसलं. पुढं भावानं माह्यारावरनं तसलीच एक कोंबडी दिली, पर उफराटा कोंबडा कुठंच मिळंना, सगळे उताऱ्यात गेलेले. ही मेली की जात संपली, ह्योच घोर.

एकदा सरपणाला जुन्या गावात गेले, तर आमच्याच पडक्या उंबऱ्यावर कोंबडा! उफराट्या पखाचा, डोस्क्यावर कुकू. माझ्या तोंडून कोंबड्यांची हाक निघाली, तीऽ तीऽ, आन् ढिगाऱ्यामागनं, खरं सांगते, सासूबाईचा आवाज आला, तीऽ तीऽ. तरीबी कोंबडा उचलला.

घरी आले तर माझ्या सुनंनं दार आडवलं. आत्याबाई, कुणाची पिडा आणली वो? म्हणलं, पिडा असंल तर मला लागंल. मंग तुमी आन् त्यो कोंबडा दोघं गोठ्यात ऱ्हावा, म्हणली. ऱ्हायले बाई.

कोंबडी अंड्यावर बसली, पिल्लं निघाली ती सगळी साधीच दिसली. पख फुटल्याबिगर कळत न्हाय. रोज उचलून बघायचे. एक दिस सूनच वरडत आली, आत्याबाई, पख वळला, वळला!

परवा शेजारीण आली. नातू तापलाय, उताऱ्याला एक द्या. म्हणलं, आदी दवाखान्यात ने. नेलता, म्हणली, आन् रडाय लागली. आता लेकराच्या आजीला न्हाय कसं म्हणू? म्हणलं, ने, पर आमच्या जुन्या उंबऱ्यावर सोड. पिडा सासूबाई ठिवून घेतील, कोंबडं म्या माघारी आणीन.

आता सारं गाव तिथंच सोडतंय. म्या सांजंला जाते, हाक मारते. एक हाक माझी, एक पलीकडनं. कोंबडं आजवर माझ्याकडंच आलंय. ज्या दिशी तिकडं जाईल, त्या दिशी म्याबी तिकडंच आसंन. मंग सुनंनं हाक मारावी, तिला आता चांगली जमती. लेकरं तेवढी बरी ऱ्हावीत सगळ्यांची.