कौरीच्या फांद्या

न्यूझीलंडमधल्या रावेने गावाच्या धक्क्यावर फेरीची वाट बघताना माझ्यापुढे एक मावशी-भाची उभ्या होत्या.

"मेरेआनामावशी, साठाव्या वर्षी कुणी नर्सिंग शिकायला जातं का?"

"मी चाललेय की."

"आणि आपल्या माओरी सभाघराच्या पंगती? तुझ्याशिवाय तिथली चूल कधी पेटली नाही."

"आता तू पेटव, आरोहा."

"मला नाही जमायचं."

"कौरीचं झाड बघ. वर वाढायचं म्हणून खालच्या फांद्या आपणहून गाळतं."

"म्हणजे आम्ही गळलेल्या फांद्या!"

"वेडे, 'सगळं मीच करणार' हा हट्ट गळतोय. तुम्हाला जरा ऊन मिळू दे."

"भीती नाही वाटत?"

"वाटते की. तरी चाललेय."

फेरी लागली.

"मावशी, रताळी किती शिजवू, तेवढं तरी सांग."

"चुकशील आणि शिकशील. मीही तशीच शिकले."

"मग कॉलेजात चुकलीस की मला फोन कर."