मुंगीपक्ष्याला आईचं नाव

वैशाली, माझी धाकटी बहीण, आमच्या साक्रीहून थेट ब्राझीलला मुंगीपक्ष्यांचा अभ्यास करायला गेली. मुंग्यांची फौज निघाली की जीव घेऊन पळणारे किडे हे पक्षी टिपतात. त्यांतला एक गट वेगळा निघाला, त्याला नवं शास्त्रीय नाव द्यायचं होतं. तिनं आईचं, सुमन, ठरवलं. आई लाजली, पण गल्लीभर सांगून आली.

तेवढ्यात दुसऱ्याच कुणी त्या गटाचं नाव आधी छापलं. नियमानं तेच टिकलं. वैशाली फोनवर रडली.

मी आईला म्हटलं, "जाऊ दे, एका पक्ष्याचं तर नाव!"

आई तिच्या अहिराणीत म्हणाली, "बठ्ठा लोक मले अक्काच म्हणतस. मनी माय गई, तवयपासून मनं नाव कोणीच लेत नही."