पडद्यातली ज्योत

“मंजुळा, माझ्यामागे देवघरातला दिवा विझू देऊ नकोस,” असं सासूबाई जाताना म्हणाल्या होत्या, हे मंजुळाकाकू सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर तिसऱ्यांदा सांगत होत्या. मागे मिक्सर घेऊन उभ्या असलेल्या इंदूबाई ऐकत होत्या.

“म्हणून गेमिंग मॉनिटरवर दिवा?” काउंटरवरच्या दुरुस्तीवाल्याने विचारलं.

“लेकीच्या बाळंतपणाला सगळे महिनाभर गेलो. तेल कोण घालणार? दिव्याचा व्हिडिओ लावून गेले.”

“ओएलईडी आहे, काकू. महिनाभर एकच चित्र ठेवलं, त्याचा डाग पडला.”

“आई, गेममध्ये प्रत्येक शत्रूच्या कपाळावर ज्योत दिसते. गोळी घालू की नमस्कार करू?” शेजारी उभ्या मुलाने विचारलं.

“नमस्कार कर, सुयोग.”

“पडद्याचं पॅनल बदलून देतो, काकू. जुनं परत मिळणार नाही.”

“म्हणजे विझवणार?”

“आई, इथे आणताना वायर काढलीच होती ना!”

“तरी लावल्याबरोबर दिसली. आतून विझली नव्हती.”

“मग असंच ठेवायचं?”

“नको रे, तुझ्या पहिल्या पगाराचा आहे. बदला, दादा. फक्त दोन मिनिटं थांबा.”

काकूंनी पिशवीतून निरांजन काढलं आणि तुपातली वात पडद्यावरच्या ज्योतीला टेकवली. वात काही पेटली नाही. तरी त्यांनी तिला पदराचा आडोसा धरला. इंदूबाईंनी पुढे होऊन पंखा बंद केला. रिक्षात वारा लागेल म्हणून काकू गोडदेवला घरी पायीच निघाल्या.