उशाखालच्या कुड्या

मूळ आमी सणसरचे. धंद्यानं पटवेकरी, म्हंजी दागिने गाठणारे. अब्बा बाजारच्या दिवशी रेशमाचे दोरे आन काळे मणी पेटीत घालून निघायचे, आन कुणाच्या बी वट्यावर बसून आयाबायांची डोरली, बोरमाळा, पुतळ्यांच्या माळा गाठून द्यायचे. पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवायचा, ताणायचा आन गाठी मारत खाली यायचं, एवढंच हत्यार. बघून बघून मला आलं, कुणी शिकवलं न्हाय. लगीन हून बारामतीत आले, नवराबी त्याच धंद्यातला, तो गेला, तवापासून एका सराफाच्या दुकानात आतल्या अंगाला पाटावर बसते. दुकानाचं नाव नका लिहू ताई, माझी भाकरी हाय तितं. गाठायचं काम आता कमी झालंय, सगळं साखळीत आलंय, मंग मालकानं मला दागिने धुवायला लावलं, आन त्यात हिऱ्याचेच जास्ती, कारण हल्ली ऊस गेला की घरात हिरा शिरतो.

हिरा म्हणलं की तुमाला चमक दिसती. मला घाण दिसती, खोटं न्हाय सांगत. अंगठी घालून कणीक मळायची, तीच घालून भाकरी थापायची, तीच घालून डोक्याला तेल चोपडायचं, लेकराचं शी-शू बी तीच घालून, आन मंग माझ्या म्होरं टाकायची का भाभी, हिरा मेला वो, चमकतच न्हाय. मेला कसला, जरा पालथा करून बघा की. मागल्या बाजूला पीठ वाळून बसलेलं, साबणाचा थर, अंगाचा मळ, केस अडकलेला. मी कोमट पाण्यात टाकते, शाम्पूचा थेंब, मऊ ब्रश, आन हळूहळू काढते, आन त्ये पाणी असं हुतं का दुपारचा डबा उघडू वाटत न्हाय, शिसारी येती. किती बायांस्नी सांगितलं, बायांनो, मोरीत जाताना काढून ठिवा, सेंट मारायचा त्यो आदी मारा, दागिना मागनं घाला, आन हिरा बाकीच्या सोन्यासंगं एका डबीत कोंबू नका, त्यो दुसऱ्याला चरे पाडतो. व्हय व्हय म्हणत्यात, जात्यात, पुन्यांदा तसंच घाण घिऊन येत्यात. आन घ्यायच्या टायमाला काय बघत्यात, तर खडा केवढा हाय. कोंदण घट्ट हाय का, पदराचं सूत अडकतंय का, त्ये कुणीच बघत न्हाय, वरनं मोबाईलची बॅटरी मारायची आन तोंड वासायचं. जाऊ द्या, माझं डोकं फिरतं.

पण ती घाण निदान ब्रशनं निघती. मला वीट आलाय त्यो दुसऱ्याच गोष्टीचा.

आता हिरा समद्यास्नी लाभत न्हाय, हे तुमी बी ऐकलं असंल. म्हणून आमच्याकडं रीत हाय, हिऱ्याचा डाग, म्हंजी दागिना, घ्यायचा तर आदी परीक्षेला न्यायचा. जिनं घालायचा तिनं तो उशाखाली घिऊन निजायचं. वंगाळ सपान पडलं, माहेरी न्हायतर सासरी कुणाचं दुखलंखुपलं, तर हिरा परत. वळखीचं गिऱ्हाईक असलं का मालकबी देतो इस्वासावर. मी कुणाला हसत न्हाय, आमच्यात बी हायच की, माझी नणंद फिरोज्याची अंगठी मौलवीला दाखवल्याबिगर बोटात घालत न्हाय. दगडाची परीक्षा चाललीय तवर माझं काय म्हणणं न्हाय.

तर लासुर्ण्याकडची एक बाई हाय आमच्या दुकानाची जुनी गिऱ्हाईक, मालनबाई म्हणा तिला. ऊस दांडगा, बंगला, दोन पोरं. थोरल्याचं लगीन झालेलं, त्याच्या बायकूला आमच्याकडच्याच हिऱ्याच्या कुड्या घातलेल्या. धाकट्याचं पळसदेवच्या पोरीसंगं जमलं, गौरी नाव. बापाची होडी हाय, धरणाच्या पाण्यात मासं धरतो, कडंला थोडी जमीन. पोरगी शिकलेली, इंदापुरात मेडिकलच्या दुकानात कामाला. सुपारी फुटली, आन मालनबाई तिला आन तिच्या आईला घिऊन आली कुड्या बघायला. पोरीला बारक्या आवडल्या हुत्या, मी बघितलं ना, हात तिकडंच जात हुता. मालनबाईनं मोठ्या काढायला लावल्या, थोरलीला घातल्यात त्याच घडणीच्या, सात खड्याच्या, आन पोरगी हसून बरं म्हणली. मंग माझ्यापाशी आली आन काय इचारावं, तर भाभी, ह्या ठिवायच्या कशा, धुवायच्या कशा. अवो इतकी वर्सं बसले मी तितं, घ्यायच्या आदी हे इचारणारी पोरगी मला कवा भेटली न्हवती. मला लई गोड वाटली ती. मी समदं सांगितलं, तिनं समदं ऐकून घितलं.

कुड्या परीक्षेला पळसदेवला गेल्या. आता गौरीची आई बिचारी भितरी. घर पाण्याच्या कडंला, दाराची कडी धड लागत न्हाय, मासं न्यायला माणसं दिवसभर आतबाहेर, आन घरात लासुर्णेकरांचा हिरा. ती म्हणाली, बाई गं, उशाखालनं सटकलं, कुणी उचललं, तर कुठलं तोंड दाखवायचं. तिनं डबी बाजूला ठिवली, नुसत्या कुड्या फडक्यात बांधल्या आन ज्वारीच्या कणगीत पार तळाला घातल्या. पोरगी उगीच मोकळ्या उशीवर निजायची आन सकाळी व्याह्यांचा फोन आला का आई सांगायची, व्हय, उशालाच हायेत, झ्वाप बी चांगली लागली.

आन तेवढ्यात तिकडं नवरदेव पडला. कारखाने चालू हुते, रस्त्यानं ट्रॉल्या, ऊस सांडलेला, वाढं पसरलेलं, आन हे बहाद्दर एका हातानं मोटरसायकल आन एका हातानं मोबाईल. घसरला, पाय मोडला. दवाखान्यात प्लास्टर घातलं. झालं. मालनबाईनं पळसदेवला फोन लावला, कुड्या दुकानात निऊन टाका, लाभत न्हायत. मला सांगा ताई, मोबाईल कोण बघत हुतं, हिरा बघत हुता का?

मायलेकी कुड्या घिऊन आल्या. मालकानं ठिवून घितल्या, धुवायला माझ्याकडं दिल्या, तर मागं ज्वारीचं तूस. मी म्हणलं, ह्ये कसलं गं. तर आईनं डोळ्याला पदर लावला आन समदं सांगितलं, कणगीचं बी सांगितलं. म्हणाली, भाभी, ह्या पोरीच्या उशाला हिरा एक रात बी न्हवता, पण आता सांगायचं कसं, मी खोटं बोलले हुते. गौरी म्हणाली, आई, मी सांगते, आपण काय चोरी केली का? तर आईनं तिचा हात धरला, नको, लगीन मोडंल. मी बी म्हणलं, राहू दे, बालंट हिऱ्यावर गेलंय, दगडाला काय लाज हाय, दुसरा घेतील.

पण दगडावर गेलंच न्हाय. घरी मालनबाईची भन बसलेली, तिनं डोकं चालवलं. थोरलीला त्याच घडणीच्या कुड्या लाभल्या, वर्सात ट्रॅक्टर आला, मंग हिऱ्यात खोट कशी असंल? खोट पोरीत हाय. मध्यस्थाकडनं निरोप गेला, पोरगी लाभत न्हाय आमाला. झालं, सोयरीक मोडली. पाय मोडलेला हुता त्यो एक शब्द बोलला न्हाय, पलंगावर पडून तोच मोबाईल बघत बसला असंल. आन बोभाटा किती, पळसदेवपासनं इंदापूरपातुर. मेडिकलमधी गोळ्या घ्यायला आलेल्या बाया तिच्या तोंडाकडं बघायच्या आन भाईर जाऊन कुजबुजायच्या, हीच ती, उंबऱ्यात पाय टाकायच्या आदीच नवऱ्याचा पाय घिऊन बसली. पोरीनं नोकरी सोडली. पुढं दोन ठिकाणं आली, दोन्हीकडनं कुठनं तरी कळलं, दोन्ही फिरली. थू असल्या जगण्यावर. दागिना नापसंत पडला तर डबीत घालून परत देत्यात, तसं पोरीला परत केलं, आन कुड्या मातुर चांगल्या ठरल्या.

व्हय, चांगल्या ठरल्या. परवाच्याला मालनबाई पुन्यांदा दुकानात. पोराचा पाय बरा झालाय, नवी पोरगी बघितलीय, फलटणकडची, संगं ती पोरगी आन तिची आई. आन मालकाला म्हणती, त्याच कुड्या काढा, त्या चांगल्या हायेत. मालकानं काढल्या. तिनं त्या माझ्या पाटावर आणून ठिवल्या आन म्हणती, भाभी, नीट धुवा बरं का, आदीच्या पोरीचं कायबी राहू नये.

माझ्या हातात ब्रश हुता, त्यो मी खाली ठिवला. माझ्या अंगात काय आलं ठावं न्हाय. मालक बघतोय, गिऱ्हाईकं बघत्यात, मी बोलले. म्हणलं, मालनबाई, त्या पोरीचं ह्यात कायबी न्हाय. ह्या कुड्या तिच्या उशाला कवाच न्हवत्या. तिच्या आईनं भीतीनं कणगीत ठिवल्या हुत्या, मी सोता त्यातलं तूस काढलंय. तुमी ज्वारीची परीक्षा घितली आन पोरगी टाकली.

मला वाटलं, आता हिला कळंल. आता ही खाली बघंल, एवढं तरी करंल. मालनबाई माझ्याकडं बघून हसली. म्हणती, बघा, म्हंजी खोटारडी बी हुती, बरं झालं सुटलो.

मी त्या नव्या पोरीच्या आईकडं बघितलं. म्हणलं ही बी आईच हाय, पोरीचा हात धरंल आन उठंल. ती पुढं सरकली, मालनबाईच्या गुडघ्याला हात लावून म्हणाली, आमी तसं न्हाय करणार, ताईसाहेब. आमची पोरगी उशाखालीच ठिवील, मी सोता तिच्याजवळ निजून बघीन.

काय सांगू तुमाला, खड्यामागनं मी नको नको त्ये काढलंय, पण असली घाण कवा बघितली न्हवती, मी मोरीत जाऊन साबणानं हात धुऊन आले. परत आले तर ती पोरगी तितंच बसलेली. कुणी तिला इचारलं न्हवतं, आवडल्या का. तिनं हळूच मला इचारलं, भाभी, त्या आदीच्या ताईचं पुढं काय झालं? आईनं तिला कोपर मारलं. मी कुड्या धुतल्या, पुसल्या, डबीत घालून दिल्या. न दिऊन सांगते कुणाला, मालकानं त्या दिवशी मला काढलं न्हाय हेच लई झालं.

कुड्या आता तिकडं फलटणला हायेत, त्या पोरीच्या उशाखाली. गौरीच्या आईचा कवातरी फोन येतो, हिरा न मागणारं एखादं ठिकाण सांगा म्हणती, मी शोधते. आन मी आता काय करते ठावं हाय का, रोज नमाजाला बसले का लासुर्ण्याच्या त्या घरासाठी दुवा मागते. ज्यांचं तोंड बघायची इच्छा न्हाय त्यांच्यासाठी. म्हणते, या अल्ला, कुड्या त्या पोरीच्या उशाला हायेत तवर मालनबाईला खोकला सुदिक येऊ देऊ नको, त्या पोराला मोटरसायकलवर सांभाळ, त्यांच्या गोठ्यातल्या म्हशीला बी सांभाळ.